उलटी अढी

डोंगराची माती, गव्हाचा भुसा,
आणि पाणी, माती मागेल तेवढंच.
बसगुल पायांनी तुडवते, सनोबर हातांनी थापते.
इस्तालिफच्या एका गच्चीवर दोघी जावा
मातीचे परळ वाळत घालतात,
जाडसर, खोलगट, बोटांच्या वळांसकट,
आणि जुलैपासून एकमेकींशी बोलत नाहीत.

कारण पाटाचं पाणी.
सनोबरच्या नवऱ्यानं रात्री दगड हलवला,
बसगुलच्या वाफ्यातल्या कांद्यानं मान टाकली.
कांदा तो केवढा! पण शब्दाला शब्द लागला,
त्यात मेलेल्या माणसांचीही नावं निघाली.

मीजान महिना. वेलीवर ताइफी द्राक्षं,
जाड सालीची, उशिरा पिकणारी, गालांवर लाली धरलेली.
दव उडेपर्यंत हात लावायचा नाही.
कात्री बसगुलकडे.
पाखरानं चोच मारलेला मणी, काढ.
गांधीलमाशीनं चाखलेला, काढ.
देठाशी चिरलेला, पावसानं टरारलेला,
नुसता संशय आला तरी काढ.
एक नासका आत गेला
तर नवरोजला उघडल्यावर
वास तेवढा हाती येतो.

आपण अढी घालतो ती पिकावं म्हणून:
गवत, आंबे, ऊब, घाई.
ही अढी उलटी.
पिकून झालंय, आता पुढं जाऊ नकोस,
असं फळाला सांगायचं
आणि वर दुसरा परळ पालथा घालायचा.
त्याला तिकडं कंगीना म्हणतात.

पण इथं दोन हात पुरत नाहीत.
एकीनं परळ दाबून धरायचा,
दुसरीनं कडेनं ओला गारा फिरवायचा,
सुईएवढीही फट न ठेवता.
म्हणून दोघी समोरासमोर बसतात, गुडघ्याला गुडघा.
सनोबर धरते, बसगुल लिंपते.
मधे इदरीस, बसगुलचा मधला, निरोप्या.
"आईला सांग, डावीकडं भेग आहे."
आई वीतभर अंतरावर.
"काकीला सांग, मला डोळे आहेत."

एकशेबारा गोळे.
उत्तरेच्या खोलीत, अंधारात,
तोंडं मिटलेली मातीची एकशेबारा डोकी.
आत द्राक्षं श्वास घेतात.
तोडल्यावरही घेतात, हे सनोबरला ठाऊक आहे,
कुठल्या शाळेत शिकलेली नाही ती.
घेतात, सोडतात,
आणि सोडलेल्याच श्वासानं
हळूहळू त्यांनाच गुंगी येते.

बर्फ पडतं. वीज येते, जाते, येत नाही.
शहरातून एक जण शीतगृहाचे कागद घेऊन येतो.
डिझेल कोण भरणार, असं विचारल्यावर
तो आणखी एक चहा घेतो.

नवरोजला आठ दिवस. काबूलचा दलाल दारात.
सनोबर हातोडीच्या दांड्यानं कडेवर ठोकते,
माती तडकते.
देठ वाळून काडी झालेला.
मणी मात्र तसेच, गालांवर तीच लाली,
दाताखाली तोच करकरीत आवाज.
मधले पाच महिने कुठं गेले विचाराल
तर त्यांना सांगता यायचं नाही.

आणि इथं मला उगाच शंका येते.
जे नीट निवडून, वारा लागू न देता
अंधारात ठेवलेलं असतं, ते सगळंच ताजं राहतं का?
पाटाचं पाणीही? तो कांदा?
ती नावं?

दलाल भाव पाडू बघतो.
बसगुल एकेक गोळा फोडत जाते.
सदतिसाव्यात हात घालते,
बोटं ओली निघतात.
हुंगते.
इदरीस शेळीमागं गेलाय, पार ओढ्यापलीकडं.
निरोप न्यायला कुणी नाही.

"चार गेले," ती म्हणते,
भिंतीला सांगावं तसं.

सनोबर घोस उचलते, उजेडाकडं धरते,
नखानं एक मणी फिरवून बघते.

"तीन. नीट मोज."